रिकाम्या पुंगळीचा दुसरा बार

बंदुकीचा बार झाला की बुडाची, ठिणगी देणारी टोपी फुटलेली असते, दारू जळून गेलेली असते आणि गोळी दूर निघून गेलेली असते. मागे उरते ती पितळेची पुंगळी. काडतुसाच्या चार भागांत सर्वांत महाग भाग हाच, आणि तो जवळजवळ शाबूत राहतो. दारूच्या दाबाने पितळ फुगते, नळीला आतून घट्ट चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच किंचित आकसते. म्हणूनच ती सहज बाहेर निघते. साच्यात दाबून तिला पुन्हा मूळ मापावर आणले, नवी टोपी बसवली, दारू भरली, वर गोळी दाबली, की काडतूस तयार. अमेरिकेतील शिकारी हे काम जवळपास दीडशे वर्षे घरी करत आले आहेत.

पुंगळी सहज भरता येईल की नाही, हे तिच्या बुडाशी असलेल्या भोकावर ठरते. 1866 मध्ये टोपीच्या दोन रचना पुढे आल्या. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी टोपीची ऐरण, म्हणजे टोपीतील स्फोटक ज्यावर चिरडते तो उंचवटा, पुंगळीच्याच बुडात ठेवली आणि तिच्या बाजूला बारीक भोके पाडली. इंग्लंडमध्ये वूलविचच्या रॉयल लॅबोरेटरीत काम करणाऱ्या एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीतच बसवली. त्यामुळे पुंगळीला मधोमध एकच भोक पुरले. त्या भोकातून सळई घालून ढकलली की फुटलेली टोपी बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळीत हे जमत नाही, तिथे टोपी उचकटून काढावी लागते. पुढे युरोपातील बऱ्याच देशांनी अमेरिकन माणसाची टोपी घेतली आणि अमेरिकेने इंग्रजाची. अमेरिकेत ही घरगुती भरणी एवढी रुजली, त्याचे मोठे श्रेय बॉक्सरच्या त्या एका भोकाला द्यावे लागते.

या कौशल्याची पहिली मोठी शाळा मात्र रक्ताने माखलेली आहे. 1872 मध्ये रेल्वे कॅन्ससमधील डॉज सिटीला पोचली आणि बायसनच्या कातड्यांना पूर्वेकडचा बाजार मिळाला. माळावर महिनोन्‌महिने तळ ठोकणारे शिकारी शार्प्स कंपनीच्या जड रायफली वापरत. सर्वांत जवळचे दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर. तयार काडतुसे महाग, वाहून न्यायला जड. म्हणून ते शिसे आणि काळी दारू पिंपांतून विकत घेत. दिवसभर गोळ्या झाडायच्या, पुंगळ्या गोळा करून आणायच्या, आणि रात्री शेकोटीवर शिसे वितळवून साच्यात ओतायचे, असा क्रम चाले. दुसऱ्या दिवसाच्या संहाराची तयारी आदल्या रात्री हाताने होई. 1889 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नाडे यांनी उत्तर अमेरिकेत उरलेल्या बायसनांचा हिशेब मांडला, तेव्हा आकडा आला 1,091. एके काळी कोट्यवधींनी असलेल्या प्राण्याची ही शिल्लक. हातभरणीच्या इतिहासाचे कौतुक सांगताना हे पान वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

माळ ओस पडत असतानाच हे काम गावोगावच्या साध्या शिकाऱ्याकडे आले. 1884 मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. त्यांचे अवजार दिसायला पकडीसारखे होते. त्याच्या एका टोकाला गोळीचा साचा असे आणि टोपी बसवणे, गोळी दाबणे ही कामेही त्यातच होत. खिशात मावणारा छोटा कारखानाच तो. नवशिक्यासाठी बार्लो यांनी ‘आयडियल हँडबुक’ही काढले. कोणत्या रायफलीला कोणती गोळी, शिशात कथील किती, दारू किती, हे त्यात छापलेले असे. तोवर तोंडी चाललेली विद्या अशी कागदावर आली. 1925 मध्ये लायमन कंपनीने आयडियलचा धंदा विकत घेतला आणि माहितीपुस्तके छापण्याची परंपराही पुढे चालवली.

मध्ये एक अवघड काळ आला. फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी 1884 मध्ये बिनधुराची दारू शोधली आणि जुने अंदाज कोलमडले. काळी दारू मापट्याने भरत. पुंगळी काठोकाठ भरली तरी सहसा बिघडत नसे, चुकून दुप्पट भरणे तर शक्यच नव्हते, कारण तेवढी जागाच नसे. नवी दारू कितीतरी जोरकस, आणि थोडीशीच पुरते. अर्ध्या रिकाम्या पुंगळीत ती चुकून दोनदा पडली तर वरून कळत नाही, आणि रायफल हातात फुटू शकते. त्यात जुन्या टोप्यांतील पाऱ्याने पितळ ठिसूळ होई. आता डोळ्याचा अंदाज चालेना, तराजू लागला. दारू ग्रेनमध्ये मोजतात, आणि एका पौंडात 7,000 ग्रेन असतात, यावरून त्या कामाची बारकाई ध्यानात यावी. 1937 मध्ये फिल शार्प यांचा हातभरणीवरील जाडजूड ग्रंथ आला, तोपर्यंत हा छंद पुरता मोजमापाचा झाला होता.

मग दुसरे महायुद्ध आले. कारखाने सैन्यासाठी राबू लागले आणि शिकारीची काडतुसे दुकानांतून नाहीशी झाली. कॅलिफोर्नियातील ओरोविल गावात, वडिलांच्या लाँड्रीच्या धंद्यात असलेल्या फ्रेड हंटिंग्टन यांनी 1943 मध्ये यावर तोड काढली. पॉइंट 22 च्या झाडलेल्या फुकट पुंगळ्या घेऊन त्यांपासून गोळीचे बाह्य आवरण बनवणारे साचे त्यांनी तयार केले. ‘रॉक चक’ या मार्मोट जातीच्या प्राण्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या होत्या. साच्यांच्या नावात त्याचेच नाव आले आणि त्या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांतून आरसीबीएस हे नाव झाले. आज हातभरणीचे यंत्र म्हटले की हे नाव निघतेच.

पण युद्धानंतरची सर्वांत धाडसी गोष्ट कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांची. ते गॅस कंपनीत विक्रेते होते. सैन्याकडे 4895 क्रमांकाच्या रायफल दारूचे ढीग पडून होते. ठेवायला जागा नाही, गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही, तरी हॉजडन यांनी 1946 मध्ये आयुर्विम्यावर कर्ज काढले आणि 25 टन दारू विकत घेतली. रेल्वेचा एक जुना डबा भाड्याच्या कुरणात आणून उभा केला, तेच त्यांचे पहिले कोठार. ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात एक इंचाची जाहिरात दिली: 150 पौंड दारू 30 डॉलरला, वाहतूक वेगळी. म्हणजे पौंडाला 20 सेंट. युद्धावरून परतलेल्या, रायफल चालवायला शिकलेल्या आणि खिसा हलका असलेल्या तरुणांना याहून स्वस्त काय मिळणार होते? ज्या दारूने सैनिकांची काडतुसे भरली होती, तिनेच आता हरणाच्या शिकारीची भरली जाऊ लागली. हॉजडन हे नाव आजही दारूच्या डब्यांवर आहे.

त्याच वर्षी ट्रकचा व्यवसाय करणारे जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूस जातीच्या हरणाच्या शिकारीला गेले होते. वाळलेल्या चिखलाने माखलेल्या त्या जनावराच्या अंगावर त्यांच्या वेगवान गोळ्या वरच्या वरच फुटल्या. जखमी जनावर तडफडत राहणे हे कोणत्याही खऱ्या शिकाऱ्याला लाजिरवाणे. नॉस्लर यांनी गोळीच्या मध्यावर धातूची आडभिंत घातली: पुढचा भाग उमलतो, मागचा अखंड राहून खोल जातो. 1948 मध्ये त्यांची कंपनी निघाली आणि ही ‘पार्टिशन’ गोळी सुट्या स्वरूपात प्रथम हातभरणी करणाऱ्यांकडे गेली. शिकारीच्या काडतुसातील सुधारणा कारखान्याच्या आधी घरच्या बाकावर पोचते, हे पुढेही वारंवार घडले.

कायदा मात्र देशोदेशी वेगळा. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. जर्मनीत स्फोटकांच्या कायद्याखाली आधी परवाना घ्यावा लागतो. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा प्रश्नच मिटवला. आपल्याकडे उरली आहे ती पीकरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक.

सध्याचा वाद शिशाचा आहे. शिकाऱ्याने मागे टाकलेल्या आतड्यांतील शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातील कॉन्डर गिधाडे विषबाधेने मरतात. 1982 मध्ये जगात अवघे 22 कॉन्डर उरले होते. बार्न्स कंपनीने 1989 मध्ये निव्वळ तांब्याची ‘एक्स’ गोळी आणली, तेव्हा शिशाला पर्याय मिळाला. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर राज्यभर बंदी घातली. इतर राज्यांतील हातभरणी करणाऱ्यांनी अशा कायद्याची वाट पाहू नये. पुंगळीत कोणती गोळी बसवायची हे ते स्वतः ठरवतात. त्यांनी आजच तांबे निवडावे.