शास्त्रीय गद्य, मराठी

संशोधनपर लेखनाची भाषा. संस्कृतप्रचुर परिभाषा ही तिची खूण समजली जाते; खरी खूण मात्र विधानाला पुराव्याइतकेच वजन देण्यात आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापून मूळ कागदपत्रे वाचकापुढे ठेवली. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष, कितीही ठाम असले तरी, पुढच्यांना तपासता आले. अस्सल पत्रावर तारीख असेल तर ‘लिहिले’, ती मजकुरावरून ताडली असेल तर ‘लिहिले असावे’: एवढ्यावर लेखकाची विश्वासार्हता जोखली जाते. अशा सावधपणाने लेखन मिळमिळीत होते, हा आक्षेप अर्धाच खरा. पुरावा भक्कम असताना कचरणे दोषच. पण बिनतारखेच्या पत्राला ठाम साल चिकटवणे अधिक घातक, कारण ते साल पुढच्या ग्रंथांत बिनदिक्कत उतरवले जाते.