त्रिज्येतले तीन

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. कादंबऱ्या लिहितो आणि पाचवीच्या मुलांना गणित शिकवतो. पंधरा वर्षांपूर्वी फळ्यावर दोरीने वर्तुळ काढून मी ‘त्रिज्या’ हा शब्द लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “गुरुजी, यात तीन कुठे आहेत?” मला उत्तर ठाऊक नव्हते. “खाली बस,” एवढेच मी म्हणालो.

परवा माझी बारावीतली भाची साइनचा आलेख घेऊन बसली होती. लाटेसारखी वरखाली जाणारी रेघ. मधल्या रेषेपासून लाटेची सर्वांत अधिक उंची तो आयाम. एक लाट पुरी होऊन तीच चाल पुन्हा सुरू होईपर्यंतचे अंतर तो आवर्तनकाळ. व्याख्या तिला पाठ होत्या. “पण मामा, साइन म्हणजे काय?” या वेळी मात्र मी कपाटातून शं. बा. दीक्षितांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ काढले. दीक्षितही शिक्षकच. तेथून एकामागून एक पुस्तकांच्या नादी लागलो.

वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य आणि त्याची दोरी ती ज्या, किंवा जीवा. आपल्या ज्योतिषांनी हिशेबाला अर्धी दोरी घेतली आणि तिलाही ज्याच म्हटले. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये अशा चोवीस ज्या बसवून दिल्या. पुऱ्या वर्तुळाच्या २१,६०० कला. पाव वर्तुळाचे २२५ कलांचे चोवीस भाग. पहिली ज्या २२५, शेवटची ३४३८. पुढे ज्या उतरत शून्यावर येते, उरलेल्या अर्ध्यात उलट्या दिशेने तेवढीच जाते आणि फेरा पुरा होतो. म्हणजे आलेख न काढताही आयाम ३४३८ आणि आवर्तनकाळ २१,६००! पाव वर्तुळ म्हणजे तीन राशी. तीन राशींची ज्या, ती त्रिज्या.

नव्वद अंशांतून उरलेल्या कोनाची ज्या ती कोटिज्या, म्हणजे कोसाइन. लाट तीच, फक्त माथ्यापासून सुरू होणारी.

अरबांनी जीवा हा शब्द ‘जीबा’ म्हणून उचलला. त्यांच्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्याने तो पुढे ‘जैब’, म्हणजे अंगरख्याचा छातीवरचा घोळ, असा वाचला गेला. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरांत त्याच अर्थाचा ‘सायनस’ आला. १७४८ च्या ग्रंथात ऑयलरने त्रिज्या एक धरली, म्हणून आज साध्या साइनचा आयाम एक.

“आता ३ साइन २क्ष घे,” मी भाचीला म्हणालो. “बाहेरचा तीन ही त्रिज्या, म्हणून आयाम तीन. आतला दोन कोनाला दुप्पट पळवतो, म्हणून फेरा निम्म्यात, १८० अंशांत पुरा.”

यंदा पाचवीच्या वर्गात वर्तुळ काढले तेव्हा मी आपण होऊन तीन राशी मोजून दाखवल्या. तो मुलगा आज पंचविशीचा असेल. त्याला उत्तर द्यायचे राहिले.