निगेटिव्हमधला आपला इतिहास

हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहिला; पण तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे. चाळीस वर्षे ते लिखाण प्रकाशाची वाट पाहत राहिले. तसेच एक अप्रकाशित लिखाण आज आपल्या पुष्कळ घरांत कपाटावरच्या डब्यात पडून आहे. ते शब्दांत नसून फोटोंच्या निगेटिव्हमध्ये आहे, एवढाच फरक. आणि त्याला आणखी चाळीस वर्षे वाट पाहणे परवडणार नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

निगेटिव्ह म्हणजे उलटे चित्र. पांढऱ्याचे काळे आणि काळ्याचे पांढरे. १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत एका पत्र्यावर एकच चित्र मिळे. टॅलबट या इंग्रज गृहस्थाने १८४१ साली कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि एका चित्रापासून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. ही विद्या मुंबईस यायला वेळ लागला नाही. १८५४ साली तेथे फोटोग्राफीची सोसायटी स्थापन झाली. त्याच सुमारास विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींची छायाचित्रे घेतली. त्यांत बेने इस्राएलांचेही एक आहे. आपले पूर्वज त्यात दिसतात, याचा अभिमान वाटतो. पण चित्राला नाव दिले आहे ते समाजाचे. ती माणसे कोण, कुठल्या गावची, कुणाचे आजोबा, हे आज कोण सांगणार?

पुढे १८८९ साली ईस्टमन कंपनीने पारदर्शक, गुंडाळता येणारी फिल्म बाजारात आणली. ती नायट्रेटची होती आणि भडकन पेट घेई. १९२९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका इस्पितळात एक्स-रेच्या अशाच फिल्मांना आग लागून विषारी धुराने शंभराहून अधिक माणसे दगावली. मी परिचारिका म्हणून जन्मभर एक्स-रेच्या फिल्मा उजेडासमोर धरल्या. पण त्या निर्धास्तपणे धरता आल्या, कारण तोवर अॅसिटेटची ‘सेफ्टी’ फिल्म आलेली होती.

ही फिल्म भडकन पेटत नाही, पण कुजते. १९४८ साली निघालेल्या नव्या अॅसिटेट फिल्मविषयी पहिली तक्रार दहा वर्षांच्या आतच आली, आणि ती आली भारत सरकारकडून. उष्ण व दमट हवेत या फिल्ममधून सिरक्याचे आम्ल सुटते, त्या आम्लाने ती अधिकच कुजते आणि वाफेने शेजारच्या फिल्मलाही बिघडवते. मुंबईची आणि कोकणची हवा कशी असते, हे आपणांस सांगायला नको.

आम्ही १९७७ साली इस्राएलला आलो, तेव्हा वडिलांनी चार रोळांचा एक डबा बरोबर आणला. अल्बम भावंडांत वाटले गेले होते. निगेटिव्ह हलके, म्हणून ते आले. बीरशेबाच्या घरी तो डबा माळ्यावर राहिला. तीन वर्षांपूर्वी मी तो उघडला, तर सिरक्याचा वास नाकात भरला. एका रोळाची फिल्म वाकडीतिकडी होऊन वरचा थर सुरकुतला होता. तो आत्याच्या लग्नाचा रोळ. त्यातले काहीच हाती आले नाही. बाकीचे तीन वाचले.

ते मी घरीच स्कॅन केले. कागदपत्रांचा साधा स्कॅनर या कामी चालत नाही. त्यात नुसते काळे दिसते. फिल्ममधून उजेड आरपार जावा लागतो, म्हणून झाकणातही दिवा असलेला सपाट स्कॅनर घ्यावा. फिल्म कडेला धरावी, धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी, फुंकर मारू नये. अग्फा क्लिकसारख्या कॅमेऱ्याच्या सहा सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हला इंचास १२०० ठिपके पुरतात. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला २४०० ठेवावेत. धूळ आपोआप पुसणारी सोय रंगीत फिल्मला ठीक, पण कृष्णधवल फिल्मला बंद ठेवावी. तीत चांदी असल्याने ती चित्रच बिघडवते. काम झाले तरी मूळ निगेटिव्ह टाकू नयेत. कागदी पाकिटांत, थंड व कोरड्या जागी ठेवावेत, आणि वास येणारे वेगळे काढावेत. फिल्म १९५० च्या आधीची असेल आणि कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द नसेल, तर ती उष्णतेपासून दूर ठेवून जाणकारांस दाखवावी.

माझी एक चूक सांगते. मशिदीतल्या हेखालसमोरचा एक फोटो मी पडद्यावर आणला आणि खूश झाले. शेजारी बसलेला नातू म्हणाला, “आजी, अक्षरं उलटी आहेत.” पाहते तो खरेच! फिल्म मी पालथी ठेवली होती. हिब्रू अक्षरे नसती, तर माझे वडील कायमचे डावखुरे ठरले असते. फिल्मची चकचकीत बाजू आपल्याकडे असली की कडेची अक्षरे सुलटी वाचता येतात. तेवढे आधी पाहावे.

पण खरे काम पुढेच आहे. त्या रोळांत मशिदीच्या पायऱ्यांवर बारा माणसे उभी आहेत. त्यांतली पाचच मला ओळखता आली. सगळ्यांना ओळखणारी मोठी आत्या डबा उघडण्याच्या आदल्याच हिवाळ्यात वारली. फोटो छापून मी दिमोना आणि अश्दोदच्या नातेवाइकांकडे घेऊन गेले, तेव्हा आणखी दोन नावे मिळाली. पाच चेहरे अजून निनावी आहेत. जॉन्सनच्या चित्रासारखेच, फक्त या वेळी दोष परक्या फोटोग्राफरचा नाही, आमचा आहे.

म्हणून वाचकांस विनंती की, डबा आजच उघडा. स्कॅनर नंतर आला तरी चालेल. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला खिडकीपाशी बसवा, निगेटिव्ह उजेडासमोर धरा आणि जी नावे सांगतील ती पाकिटावर पेन्सिलीने लिहा: नाव, गाव, नाते, साल. मराठीत लिहा आणि नातवंडांसाठी हिब्रूतही लिहा. यंत्र चेहरा वाचवील. नाव मात्र आपणच वाचवायचे आहे.