शकुंतलेची कॅरिबियन बहीण

आपल्या शकुंतलेची एक बहीण सातासमुद्रापार आहे, असं सांगितलं तर पटेल का?

सेंट किट्स अँड नेव्हिस हा कॅरिबियन समुद्रातला दोन बेटांचा देश. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे यवतमाळ शहराच्या निम्मीही नाही. १९८३ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९८४ मध्ये त्याने पैसे घेऊन नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. आज सरकारी निधीत अडीच लाख डॉलर भरले की पासपोर्ट मिळतो. पैसेवाले त्यासाठी जातात, पर्यटक समुद्रासाठी. मला मात्र तिथली रेल्वे बघायची आहे.

१९१२ ते १९२६ या काळात, इंग्रजांच्या राज्यात, ती कारखान्याला ऊस पोचवायला बांधली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. आपल्या मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनचंही तेवढंच! १८६१-६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि इंग्रज भांडवलाची नजर वऱ्हाडावर पडली. पुढे किलिक निक्सनच्या कंपनीने ही लाइन टाकली, कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीपर्यंत न्यायला. म्हणजे त्या काळी गुंतवणूकदारांना भुरळ पाडणारा मुलुख आपलाच होता. पर्यटक कोण येणार होतं म्हणा.

सेंट किट्सने उसाचा धंदा २००५ मध्ये बंद केला. गुलामांच्या घामावर उभा राहिलेला, साडेतीनशे वर्षांचा धंदा. पण रूळ उखडले नाहीत. २००३ पासूनच त्यावर पर्यटकांची गाडी सुरू झाली होती. आज क्रूझवरून उतरलेली माणसं पैसे मोजून त्याच उसाच्या लाइनवरून बेट बघतात.

इकडे बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, तरी शकुंतला कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी सरकारची, रुळांचं भाडं कंपनीला. मँचेस्टरचं १९२१ चं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं, आता तीही बंद. लहानपणी दारव्ह्याहून यवतमाळला मी तिनेच यायचो. गार्डच तिकीट फाडायचे, आणि गाडी इतकी हळू की पोरं उतरून पुन्हा चढायची.

वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज हवीच, त्यात वाद नाही. पण टिपेश्वरचा वाघ बघायला लोक येतातच ना? त्यांच्यासाठी दारव्हा-यवतमाळ एवढा तुकडा तरी अडीच फुटांचाच ठेवा, असं माझं सरळ म्हणणं आहे. भंगाराच्या भावाने रूळ एकदा गेले की परत येत नाहीत.

कुणाकडे शकुंतलेची जुनी तिकिटं असतील तर जपून ठेवा. माझ्याकडे एक आहे, दारव्ह्याचं.