उसना उजेड : फ्लॅशगनची वाटचाल

छायाचित्रणाची पद्धत 1839 मध्ये जगापुढे आली तेव्हापासून ती सूर्यप्रकाशाशी जखडलेली होती. स्टुडिओंना काचेची छपरे घालावी लागत, पावसाळी दिवशी धंदा थंडावे, आणि खाणी, तळघरे, रात्रीची घरे हा सारा भाग कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर राही. कॅमेऱ्याला जोडता येणाऱ्या स्वतंत्र प्रकाशसाधनाचा, म्हणजे आजच्या बोलीत फ्लॅशगनचा, इतिहास बहुधा प्रकाश वाढवत नेण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु प्रकाश किती हवा याचा हिशेब हळूहळू यंत्राकडे गेला, आणि तो कोणत्या दिशेने यावा हा निर्णय मात्र माणसाकडेच राहिला, हे त्यातले अधिक महत्त्वाचे सूत्र आहे.

विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी 1851 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘द टाइम्स’चे एक पान फिरत्या चाकावर चिकटवले आणि अंधाऱ्या खोलीत लेडन बरण्यांमध्ये, म्हणजे स्थिर विद्युत साठवणाऱ्या काचपात्रांमध्ये, साठवलेली वीज एका ठिणगीत सोडून त्या पानाचे छायाचित्र घेतले. चाक वेगाने फिरत असूनही अक्षरे वाचता आली, कारण ठिणगी इतकी अल्पकाळ टिकली की तेवढ्यात चाक हललेच नाही असे म्हणावे. हा प्रयोग काळाच्या फार पुढे होता आणि धंदेवाईक छायाचित्रकारांना त्याचा काही उपयोग झाला नाही. नादार या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने 1861 च्या सुमारास पॅरिसच्या भूमिगत अस्थिगृहांत विजेऱ्यांवर चालणारे कार्बनचे दिवे नेले, तेव्हा एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागत असल्याने कामगारांच्या जागी कपडे घातलेले पुतळे उभे करावे लागले.

खरा फरक मॅग्नेशियमने पडला. हा धातू जळताना निघणारा पांढरा प्रकाश त्या काळच्या काचपट्ट्यांवरील रसायनांवर विशेष परिणाम करतो, हे रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन आणि रॉस्को यांनी 1859 मध्येच दाखवले होते. मँचेस्टरमध्ये त्याची तार आणि फीत बाजारात येऊ लागल्यावर आल्फ्रेड ब्रदर्स यांनी 1864 मध्ये डर्बीशरमधील ब्लू जॉन गुहेचे, तर चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी 1865 मध्ये गीझाच्या महापिरॅमिडच्या आतील भागाचे चित्रण केले. फीत महाग होती, सावकाश जळे आणि मॅग्नेशियम ऑक्साइडचा दाट पांढरा धूर मागे सोडी, त्यामुळे दुसरे चित्र घेण्याआधी धूर विरण्याची वाट पाहावी लागे.

जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी 1887 मध्ये मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण तयार केले, तेव्हा प्रथमच प्रकाश सावकाश जळण्याऐवजी एका भडक्यात मिळू लागला. हीच ‘फ्लॅश पावडर’. क्लोरेट ज्वलनाला प्राणवायू पुरवतो, म्हणून हे मिश्रण वस्तुतः स्फोटकच होते, आणि ते तयार करताना किंवा पेटवताना छायाचित्रकार भाजले गेले, काही दगावलेही. न्यूयॉर्कचे पत्रकार जेकब रीस यांनी या पावडरीच्या बळावर गरीब वस्त्यांतील कोंदट खोल्या रात्री टिपल्या आणि 1890 मध्ये ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आरंभी ते पावडरीची काडतुसे पिस्तुलासारख्या साधनातून उडवत. अपरात्री दारात पिस्तूल दिसल्यावर रहिवासी घाबरत, म्हणून त्यांनी पुढे तळणीच्या तव्यात पावडर पेटवायला सुरुवात केली, आणि एका खोलीला अशाच प्रयत्नात आगही लागली. त्यांच्या चित्रांतील दचकलेले चेहरे आणि समोरून आलेला सपाट, कठोर उजेड यांना आज दारिद्र्याच्या दर्शनाची एक शैली मानले जाते. त्या शैलीचा बराचसा भाग साधनाच्या मर्यादेतून आला होता, हे अभ्यासकांनी नजरेआड करू नये.

धूर आणि आग यांच्यापासून सुटका झाली ती बल्बमुळे. जर्मनीत 1929 मध्ये ‘व्हॅक्युब्लिट्झ’ आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘साशालाइट’ विक्रीस आला. काचेच्या बंद गोळ्यात प्राणवायू भरून त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पातळ वर्ख ठेवलेला असे आणि विजेच्या प्रवाहाने तो पेटे. बल्ब एकदाच वापरता येई. तो पेटल्यापासून पूर्ण तेजाला पोचेपर्यंत सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग जाई, म्हणून कॅमेऱ्याचे शटर तेवढे उशिरा उघडण्याची योजना करावी लागे. या जुळणीला ‘सिंक्रोनायझेशन’ किंवा व्यवहारात नुसते ‘सिंक’ म्हणतात.

बल्बची शक्ती ठरलेली असल्याने हिशेब सोपा झाला आणि त्यातून ‘गाइड नंबर’ ही कल्पना रूढ झाली. भिंगाच्या छिद्राचा एफ-अंक आणि विषयाचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे गाइड नंबर. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. एफ-अंक अर्धा केल्यास भिंगातून चौपट प्रकाश आत येतो, त्यामुळे हा गुणाकार स्थिर राहतो. न्यूयॉर्कचे गुन्हेवृत्त छायाचित्रकार वीजी आपला स्पीड ग्राफिक कॅमेरा एफ-16 आणि दहा फूट यांवर लावून ठेवत असत, म्हणजे 160 हा एकच आकडा त्यांच्या कामाला पुरत होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत नाव कमावलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हातीही स्पीड ग्राफिकच होता.

वृत्तपत्री घाईत बल्ब कॅमेऱ्यालगतच राहिला, तरी त्याला तारेने दूर नेता येई, आणि या शक्यतेचा अमेरिकी छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांच्याइतका पुरेपूर वापर क्वचितच कोणी केला असेल. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिने अस्तंगत होत असताना त्यांनी ती रात्री टिपली. 1956 मधील ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ या चित्रासाठी त्यांनी 43 बल्ब एकाच क्षणी पेटवले. सूर्य ज्या दिशेने कधीच येणार नाही त्या दिशेने प्रकाश आणता यावा म्हणून आपण रात्र निवडतो, ही त्यांची भूमिका रीस यांच्या तव्यापासून फार दूरची आहे.

दरम्यान अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात पुनःपुन्हा वापरता येणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला. कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, विजेने भरून ठेवायचा आणि वायू भरलेल्या नळीतून ती वीज एकदम सोडायची, ही त्याची रीत. आजच्या प्रत्येक फ्लॅशगनमध्ये तत्त्व तेच असून नळीत झेनॉन वायू असतो. 1960 च्या दशकात फ्लॅशवर प्रकाशसंवेदक बसवण्यात आला, तो विषयावरून परतलेला उजेड मोजून पुरेसे होताच फ्लॅश तोडत असे. आरंभी उरलेली वीज दुसऱ्या नळीत वाया घालवावी लागे. थायरिस्टर या अर्धवाहक कळीमुळे ती कपॅसिटरमध्येच शिल्लक राहू लागली आणि फ्लॅश लवकर पुन्हा तयार होऊ लागला. 1970 च्या दशकातील ‘व्हिव्हिटार 283’ याच जातीचा; त्याचे डोके वर वळवता येई, छतावरून उजेड परावर्तित करता येई, आणि त्याची लोकप्रियता वस्तुतः या साध्या बिजागरीला बरीच देणे लागते. महाराष्ट्रातल्या जुन्या लग्नाच्या अल्बमांत वधूवरांच्या मागच्या भिंतीवर जी काळी, कडक कडांची सावली दिसते, ती ही बिजागरी नसल्याची किंवा असून न वापरल्याची खूण होय.

मोजणीचे काम कॅमेऱ्याच्या पोटात गेले ते ऑलिंपस ओएम-2 या 1975 च्या कॅमेऱ्यात, जिथे भिंगातून येऊन फिल्मवर पडलेला प्रकाश फ्लॅश चालू असतानाच मोजला जाई. हीच ‘टीटीएल’ म्हणजे भिंगातून मोजणी. कॅननने 1995 मध्ये आणलेल्या ई-टीटीएलमध्ये आधी एक दुबळा पूर्वफ्लॅश सोडून त्यावरून मुख्य फ्लॅशची शक्ती ठरवली जाऊ लागली. डिजिटल संवेदकाचा पृष्ठभाग फिल्मसारखा प्रकाश परतवत नसल्यामुळे पुढे हीच पद्धत सार्वत्रिक झाली.

या इतिहासाच्या उजेडात पाहिले असता आजच्या खरेदीदाराचे निकष वेगळ्या क्रमाने लागतात. खोक्यावरचा गाइड नंबर सर्वांत ठळक छापलेला असतो, पण तो पुष्कळदा डोके दूरदर्शी भिंगासाठी, म्हणजे प्रकाश अरुंद झोतात एकवटून, मोजलेला असतो. आयएसओ 100 या संवेदनशीलतेला 40 मीटर या आकड्याचा अर्थ पाच मीटरवर एफ-8, हे खरे, मात्र तोच झोत छताकडे वळवल्यावर त्यातला मोठा भाग वाटेतच खर्ची पडतो. म्हणून वर आणि दोन्ही बाजूंना वळणारे डोके, हाताने शक्ती ठरवण्याची सोय आणि कॅमेऱ्यापासून दूर ठेवून बिनतारी चालवण्याची क्षमता या तीन गोष्टी आकड्याहून अधिक मोलाच्या ठरतात. जुना फ्लॅश स्वस्तात मिळाला तरी त्याच्या सिंक-संपर्कावर दोनशे व्होल्टच्या वर दाब असू शकतो आणि तो डिजिटल कॅमेऱ्याची मंडले जाळू शकतो, हेही तपासावे लागते.

सिंकची जुनी अडचण मात्र दीर्घकाळ टिकली. फिल्म किंवा संवेदकालगतच्या शटरमध्ये दोन पडदे एकामागून एक सरकतात, आणि सुमारे 1/250 सेकंदापेक्षा अधिक वेगात पूर्ण चौकट एकदम कधीच उघडी नसते. त्याहून वेगवान शटरवर फ्लॅशला अतिजलद स्पंदने सोडावी लागतात आणि त्यात शक्ती घटते. सोनीने 2023 मध्ये जाहीर केलेल्या ए9-III मध्ये संवेदकाचे सर्व बिंदू एकाच वेळी वाचले जात असल्याने 1/80,000 सेकंदापर्यंत फ्लॅश जुळवता येतो. पण पूर्ण शक्तीवरचा फ्लॅश स्वतःच साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा टिकतो, त्यामुळे इतक्या वेगात त्याच्या उजेडाचा लहानसा तुकडाच चित्रात उतरतो, आणि उरलेल्यासाठी छायाचित्रकाराला विषयाच्या जवळच सरकावे लागते.