बैलजोडी, कणीस-विळा आणि तळची ओळ

गेवराई तालुक्यातील उमापूरच्या मतदाराने पहिल्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत, गाव न सोडता, तीन वेगवेगळ्या राज्यांच्या विधानसभांसाठी मत दिले : १९५२ मध्ये हैदराबाद, १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र. त्यामुळे या भागातील जुने निवडणूक भित्तिपत्रक, म्हणजे मताचे आवाहन करणारा, भिंतीवर डकवण्यासाठी छापलेला कागद, संग्राहकाच्या हाती आले की त्याचा काळ आधी ठरवावा लागतो. प्रचाराच्या घाईत छापलेल्या कागदावर वर्ष असेलच असे नाही.

यातील भरवशाचा पुरावा म्हणजे मतदाराने नेमके काय करायचे याची सूचना. पहिल्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह असे, आणि मतदार आडोशाला जाऊन नावे नसलेली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकत असे. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, हे पाहता ही सोय समजण्याजोगी आहे. सर्व नावे व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर छापून शिक्का मारण्याची पद्धत १९६२ च्या सुमारास रूढ झाली. म्हणून ‘बैलजोडीवर शिक्का मारा’ असे सांगणारे पत्रक १९५२ चे असू शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो; आणि काँग्रेसमधील फुटीनंतर १९७१ च्या निवडणुकीत हे चिन्ह कोणत्याच गटाला वापरता न आल्याने त्याची दुसरी मर्यादाही ठरते.

डाव्या पक्षांबाबत मात्र चिन्हाइतकेच पक्षाचे नावही तपासावे लागते. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने त्याचे उमेदवार १९५२ मध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या आघाडीतर्फे उभे राहिले, आणि बीडमधून त्याच आघाडीचे रामचंद्र गोविंद परांजपे लोकसभेवर गेले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ मध्ये बीडमधून निवडून आले, ते उघडपणे कम्युनिस्ट पक्षाचे, कणीस-विळा या चिन्हाचे उमेदवार म्हणून.

लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ मध्ये घातलेल्या कलम १२७-अ नुसार मुद्रक व प्रकाशक यांची नावे-पत्ते छापणे बंधनकारक झाले. ही ओळ बहुधा तळाशी, बारीक टाइपात असते; चौकटीत नीट बसावे म्हणून तळची कड कापणारा संग्राहक पत्रकाचा छापखानाच कापून टाकतो. खळीचे डागही धुऊ नयेत : कोरे करकरीत पत्रक बहुधा गठ्ठ्यातच राहून गेलेले असते, तर डाग पडलेले भिंतीवर लागले होते.