परदेशगमन आणि दस्तऐवजांचे प्रमाणीकरण : सिंधुदुर्ग जिल्ह्याचा ऐतिहासिक संदर्भ

प्रस्तावना :
मालवण किनाऱ्यावरील माणूस पोटापाण्यासाठी आधी मुंबईस गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखाती देशांकडेही वळला. मुंबईस जाताना त्याला कागदपत्रांची फारशी गरज भासली नाही. परदेशात मात्र जन्म, शिक्षण व विवाह यांचे दाखले लागतात आणि ते खरे असल्याची खात्री तेथील अधिकाऱ्यास पटवावी लागते. या प्रमाणीकरणाचा इतिहास सामान्यतः आंतरराष्ट्रीय करारांच्या अंगाने मांडला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार गावच्या दप्तरापासून केला आहे.

नोंदींची परंपरा :
आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात स्वातंत्र्यापूर्वी दोन राज्यव्यवस्था नांदत होत्या. मालवण १८१२ च्या तहान्वये कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे आले व पुढे रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट झाले. सावंतवाडी, कुडाळ हा प्रदेश सावंतवाडी संस्थानात होता. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. परिणामी एकाच व्यक्तीच्या जुन्या दाखल्यावर 'जिल्हा रत्नागिरी', तर नंतरच्या कागदपत्रांवर 'जिल्हा सिंधुदुर्ग' असे आढळते. गाव बदललेले नसते. परंतु परक्या देशातील अधिकाऱ्यास ते कसे उमगावे?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. नोंद अनेकदा बारशापूर्वी होत असल्याने तीत बालकाचे नाव नसे. ते पुढे दाखल करण्याची सोय कलम १४ मध्ये आहे. चुकीची दुरुस्ती कलम १५ नुसार मूळ नोंद न खोडता समासात करावयाची असते. ही सोय अनेकांना पारपत्र काढतानाच प्रथम कळते.

साखळीपासून शिक्क्यापर्यंत :
पूर्वी असा दाखला राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय व संबंधित देशाची वकिलात अशा क्रमाने साक्षांकित होई. प्रत्येक पायरीवर मागील स्वाक्षरीची ग्वाही दिली जाई. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने सदस्य देशांपुरती वकिलातीची पायरी वगळून 'अपोस्टिल' हे एकच प्रमाणपत्र पुरेसे ठरविले. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून अंमलात आला. आखाती देशांपैकी ओमानमध्ये तो २०१२, बहारीनमध्ये २०१३ व सौदी अरेबियात २०२२ साली लागू झाला. संयुक्त अरब अमिराती, कतार व कुवेत हे देश २०२४ अखेर या कराराबाहेरच होते. तेथे जाणाऱ्यास जुनीच साखळी पार करावी लागे. परराष्ट्र मंत्रालयाचे हे काम २०१९ पासून दिल्लीबाहेर मुंबईसह अन्य शहरांतूनही होऊ लागले.

प्रमाणीकरणाची मर्यादा :
कराराच्या कलम ५ नुसार अपोस्टिल केवळ स्वाक्षरीचा खरेपणा, स्वाक्षरी करणाऱ्याचा अधिकार व शिक्क्याची ओळख प्रमाणित करते. मजकुराच्या सत्यतेची हमी देत नाही. जन्मदाखल्यात एक नाव व शालान्त प्रमाणपत्रात दुसरे असेल, तर दोन्ही कागद रीतसर प्रमाणित होऊ शकतात आणि विसंगतीही शिक्क्यानिशी परदेशी पोहोचते. तिची किंमत पत्नीचा व्हिसा, मुलाचा शाळाप्रवेश अथवा हातची नोकरी अशा रूपाने चुकवावी लागते.

निष्कर्ष :
शासनांनी परस्परांवर विश्वास ठेवण्याची पद्धत गेल्या अर्धशतकात सुलभ झाली, हे निर्विवाद आहे. तथापि त्या विश्वासाचा पाया ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत व शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येच राहिला आहे. महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याचे सर्व दाखले एकमेकांशी ताडून पाहिले, तर विसंगती दुरुस्त करण्यास अवधी मिळतो. सागरापार जाणाऱ्या कागदाची खरी तपासणी गावीच व्हावयास हवी.